कालच्यापेक्षा आज किती? तारखांमधला फरक आणि डेटाबेसमधली ‘आधीची ओळ’

जुलै महिन्यात घाटमाथ्यावर पावसाने जोर धरला की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक ठरावीक धर्तीचा मथळा येऊ लागतो : ‘धरणात चोवीस तासांत पाच टीएमसीची भर’. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. तेव्हा पाच टीएमसी हा आकडा छातीत भरणारा आहे, यात शंका नाही. मात्र तो वाचताना बहुतेकांची अशी समजूत असते, की धरणावरच्या नोंदवहीत कोणीतरी ‘पाच’ असे लिहिले असणार. प्रत्यक्षात नोंद होते ती फक्त त्या त्या वेळच्या पाणीपातळीची आणि साठ्याची. ‘पाच’ हे वजाबाकीचे उत्तर असते, आणि नोंदी संगणकात असतील तर ती वजाबाकी डेटाबेसला, म्हणजे संगणकातल्या त्या नोंदींच्या साठ्याला, प्रश्न विचारून करून घ्यावी लागते. अशा प्रश्नाला क्वेरी म्हणतात.

दोन आकड्यांची वजाबाकी चौथीतले मूलही करते. मग तारखांमधला बदल काढणारी क्वेरी लिहिताना अनुभवी माणसेही का चुकतात? कारण अडचण वजाबाकीत नसून कशातून काय वजा करायचे, हे ठरवण्यात असते.

वीजबिलात दडलेला धडा

महावितरणच्या बिलावर ‘चालू रीडिंग’ आणि ‘मागील रीडिंग’ असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात आणि त्यांच्या फरकावरून युनिट काढलेले असतात. या महिन्यात तुम्ही किती वीज वापरली हे मीटरला ठाऊक नसते. तो बसवल्या दिवसापासूनची एकूण बेरीज तेवढी तो दाखवतो. महिन्याचा वापर समजण्यासाठी मागच्या वेळचा आकडा कोणीतरी जपून ठेवलेला असावा लागतो आणि तो आजच्या आकड्याच्या ओळीत आणून ठेवावा लागतो. तारखांमधला बदल काढणाऱ्या प्रत्येक क्वेरीचे काम एवढेच आहे : मागचा आकडा उचलायचा, आजच्या ओळीत आणायचा आणि वजा करायचा.

बिलाच्या अडचणीही अशाच बोलक्या आहेत. घराला कुलूप असले तर त्या महिन्याचे रीडिंग मिळत नाही, सरासरीवर बिल निघते आणि पुढच्या खऱ्या रीडिंगमध्ये दोन महिन्यांचा वापर एकत्र येतो. मीटर बदलला तर चालू रीडिंग मागील रीडिंगपेक्षा लहान असते आणि आंधळेपणाने वजा केले तर वापर उणे येतो. नव्या जोडणीच्या पहिल्या बिलाला ‘मागील’ असे काही नसतेच. या तिन्ही अडचणी डेटाबेसमध्ये वेगळ्या वेषात पुन्हा भेटतात.

डेटाबेसला ‘काल’ म्हणजे काय हे कळत नाही

वहीत नोंद करताना कालची ओळ आजच्या ओळीच्या वर असते. एक्सेलमध्येही तसेच, वरच्या चौकोनातला आकडा वजा करा असे सांगून सूत्र खाली ओढले की काम झाले. डेटाबेसच्या टेबलात मात्र वर आणि खाली असे काही नसते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना ज्या सिद्धान्तावर आजच्या बहुतेक डेटाबेसांचा पाया घातला, त्यात टेबल म्हणजे ओळींचा संच मानलेला आहे, आणि संचातल्या घटकांना क्रम नसतो. पिशवीत टाकलेल्या चिठ्ठ्यांसारख्या त्या ओळी असतात. प्रत्येक चिठ्ठीवर धरणाचे नाव, तारीख आणि साठा लिहिलेला आहे. पण कोणती चिठ्ठी कोणत्या चिठ्ठीच्या ‘आधीची’, हे पिशवीला माहीत नसते. ते प्रत्येक वेळी आपण सांगावे लागते.

सांगण्याची जुनी रीत अशी, की त्याच टेबलाची दुसरी प्रत शेजारी मांडल्याची कल्पना करायची आणि पहिल्या प्रतीतली आजची ओळ दुसऱ्या प्रतीतल्या ‘आजची तारीख वजा एक’ या ओळीशी जोडायची. टेबलाने स्वतःशीच केलेल्या या जोडणीला सेल्फ जॉइन म्हणतात. नवी रीत म्हणजे विंडो फंक्शन : चालू ओळ जागेवर ठेवून तिच्या आजूबाजूच्या ओळींकडे डोकावण्याची सोय. तिच्यातले ‘लॅग’ हे फंक्शन ठरवून दिलेल्या क्रमात मागच्या ओळीतला आकडा आणून देते, तर ‘लीड’ पुढच्या ओळीतला. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेचा आरंभ १९७४ मधला; तिच्या प्रमाण आवृत्तीत ही दोन फंक्शने २०११ मध्ये आली आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांना तर त्यांच्यासाठी २०१८ मधल्या ८.० या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. जुन्या पुस्तकांत सेल्फ जॉइनचीच उदाहरणे का सापडतात, याचे कारण हे आहे.

क्वेरीचा गाभा एका ओळीचा आहे. संगणकाला ती रोमन लिपीत द्यावी लागते. इथे उच्चाराप्रमाणे लिहितो :

सिलेक्ट धरण, तारीख, साठा − लॅग(साठा) ओव्हर (पार्टिशन बाय धरण ऑर्डर बाय तारीख) फ्रॉम नोंदी

कंसातले दोन तुकडे महत्त्वाचे. ‘ऑर्डर बाय तारीख’ म्हणजे चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून घ्या. ‘पार्टिशन बाय धरण’ म्हणजे प्रत्येक धरणाची गड्डी वेगळी करा. हा दुसरा तुकडा विसरला तर एकाच तारखेच्या सगळ्या धरणांच्या चिठ्ठ्या एकापाठोपाठ येतात आणि १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या कोयनेच्या आकड्यानंतर १.९७ टीएमसीच्या खडकवासल्याचा आकडा आला, की खडकवासला एका रात्रीत शंभर टीएमसीने आटल्याचे उत्तर मिळते. ही चूक निदान हास्यास्पद असते, म्हणून लगेच सापडते. ज्या चुका सापडत नाहीत, त्यांच्याकडे आता वळू.

आधीची ओळ म्हणजे आदला दिवस नव्हे

एका धरणाच्या पुढील नोंदी पाहा. आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले असून टीएमसीमध्ये आहेत.

१० जुलै : ४०.०
११ जुलै : ४२.५
१३ जुलै : ४९.१
१४ जुलै : ५०.३

बाराव्या तारखेची नोंद नाही. अतिवृष्टीत वीज गेली असेल किंवा रस्ता बंद झाला असेल. लॅग वापरून क्वेरी चालवली तर अकरा तारखेसमोर २.५, तेरा तारखेसमोर ६.६ आणि चौदा तारखेसमोर १.२ असे उत्तर येते. कुठेही त्रुटीचा संदेश नाही, कुठेही लाल अक्षर नाही. या उत्तराचा आलेख काढला तर तेरा तारखेला एक सुळका दिसतो आणि ‘एका दिवसात साडेसहा टीएमसी’ असा मथळा तयार होतो. वस्तुस्थिती अशी, की दोन दिवसांत मिळून ६.६ टीएमसी पाणी आले. दिवसाला सरासरी ३.३.

लॅगने चूक केली असे म्हणता येणार नाही. आपण त्याला ‘मागची ओळ द्या’ असे सांगितले आणि त्याने ती दिली. मनात मात्र आपल्याला आदला दिवस हवा होता. सेल्फ जॉइनच्या जुन्या रीतीने, ‘तारीख वजा एक’ असे शोधले असते, तर तेरा तारखेसमोर बारा तारखेची ओळ सापडलीच नसती आणि उत्तराची जागा रिकामी राहिली असती. या रिकाम्या जागेला डेटाबेसच्या भाषेत ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्याचा अर्थ ‘फरक पडला नाही’, नलचा अर्थ ‘सांगता येत नाही’. कितीतरी अहवालांत नलच्या जागी नीटनेटकेपणाच्या हौसेने शून्य भरले जाते आणि ‘माहीत नाही’चे ‘वाढ नाही’ होऊन बसते. ही सवय मला सुळक्यापेक्षाही घातक वाटते, कारण सुळका निदान डोळ्यांना खुपतो.

दोन्ही रीती आपापल्या प्रश्नाला बरोबर उत्तर देतात. आदल्या दिवसाशी तुलना हवी असेल तर तारखेवर जोडणी करावी आणि रिकाम्या जागा रिकाम्याच राहू द्याव्यात. शेवटच्या उपलब्ध नोंदीशी तुलना हवी असेल तर लॅग वापरावे, पण त्याच क्वेरीत साठ्याबरोबर तारखेलाही लॅग लावून आधीची तारीख मागवावी आणि दोन तारखांमधले दिवस वेगळ्या स्तंभात दाखवावेत. मग तेरा तारखेसमोर ‘६.६, दोन दिवसांत’ असे प्रामाणिक उत्तर येते. तिसरा मार्ग थोडा खर्चिक, पण मोठ्या कामात उपयोगी आहे : सगळ्या तारखा ओळीने लिहिलेले एक वेगळे दिनदर्शिकेचे टेबल ठेवायचे आणि नोंदी त्याला जोडायच्या, म्हणजे गैरहजर दिवसही हजेरीपटावर दिसतो.

याच्या उलट अडचण पूरस्थितीत येते. तेव्हा दिवसातून एकदा नव्हे, तर तासातासाला नोंदी होऊ लागतात. मग लॅगला सापडणारी मागची ओळ एका तासापूर्वीची असते आणि पाणी सर्वांत वेगाने चढत असतानाच ‘वाढ’ मात्र अचानक किरकोळ दिसू लागते. अशा वेळी आधी प्रत्येक दिवसाची एकच नोंद निवडावी, उदाहरणार्थ सकाळी आठची, आणि मगच फरक काढावा.

आधी गाळायचे की आधी वजा करायचे

समजा, फक्त जुलैचा अहवाल हवा आहे. क्वेरीत ‘व्हेअर’ या शब्दापुढे अट लिहिता येते, म्हणून आपण सहजपणे लिहितो, ‘तारीख एक जुलै किंवा त्यापुढची’. उत्तर येते, आणि एक जुलैसमोरची जागा रिकामी असते. तीस जूनची नोंद टेबलात असूनही असे का व्हावे? डेटाबेस व्हेअरची अट आधी लावतो आणि विंडो फंक्शन नंतर चालवतो. तीस जूनची चिठ्ठी गाळणीतच अडकली, तर लॅगला ती दिसणार कशी? उपाय असा, की आतल्या क्वेरीत सर्व नोंदींवर फरक काढून घ्यायचा आणि बाहेरच्या क्वेरीत त्यातला जुलै निवडायचा. ‘ज्या दिवशी पाच टीएमसीपेक्षा जास्त वाढ झाली तेवढेच दिवस दाखवा’ असे विचारायचे असले तरी हीच रचना लागते, कारण अट तपासली जात असताना फरक अजून जन्मालाच आलेला नसतो.

दिवस नेमका कुठे संपतो?

हा प्रश्न तत्त्वज्ञानातला वाटेल, पण त्याची झळ रोजच्या आकड्यांना बसते. २००५ सालच्या मुंबईच्या महापुराला सगळे ‘सव्वीस जुलै’ म्हणतात. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदला गेलेला ९४४ मिलिमीटर पाऊस हा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा आहे, कारण भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजला जातो. म्हणजे प्रलय लोकांच्या स्मरणात सव्वीसला, आणि ज्या चोवीस तासांत तो मोजला गेला ते संपतात सत्ताविसाला. पावसाचे टेबल आणि मध्यरात्री दिवस बदलणारे दुसरे एखादे टेबल केवळ तारखेवरून जोडले, तर कारण एका दिवशी आणि परिणाम भलत्याच दिवशी दिसतो.

संगणक आणखी एक गाठ मारतात. अनेक ठिकाणी वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवली जाते आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. पहाटे तीनला घेतलेली नोंद त्या हिशेबात आदल्या दिवशीच्या रात्री साडेनऊला पडते. तारीख कापून घेण्यापूर्वी वेळ भारतीय केली नाही, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातल्या सगळ्या नोंदी कालच्या खात्यात जातात.

त्याहून साधी, पण सर्रास घडणारी गोष्ट म्हणजे तारीख मजकूर म्हणून साठवणे. मजकुराच्या नियमाने ‘१०/७’ हे ‘९/७’ च्या आधी येते, कारण पहिल्या अक्षरांत एक हा नवापेक्षा लहान. अशा स्तंभावर ‘ऑर्डर बाय’ केले की आधीची ओळ कोणती, हे नशिबावर सोडल्यासारखे होते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि एकेरी आकड्यांपुढे शून्य देऊन लिहिण्याचे जे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये आले, त्यात ही अडचण उरत नाही. तरीही तारखेसाठी तारखेचाच प्रकार वापरणे केव्हाही चांगले.

दोन तारखांमधले अंतर काढणाऱ्या फंक्शनांबाबतही सावध असावे. ‘डेटडिफ’ याच नावाचे फंक्शन मायएसक्यूएलमध्ये पहिल्या तारखेतून दुसरी वजा करते, तर एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दुसरीतून पहिली. म्हणजे एका ठिकाणची क्वेरी दुसरीकडे नेली की चिन्हच उलटते. शिवाय एसक्यूएल सर्व्हरमध्ये ३१ डिसेंबर २०२३ ते १ जानेवारी २०२४ हे अंतर वर्षांत विचारले तर उत्तर ‘एक’ येते, कारण ते फंक्शन मधला काळ मोजत नाही, ओलांडलेल्या सीमा मोजते. आणि ‘गेल्या वर्षी याच दिवशी किती साठा होता’ या लोकप्रिय प्रश्नाला लीप वर्षात ठेच लागते : पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २९ फेब्रुवारी २०२४ मधून एक वर्ष वजा केले की २८ फेब्रुवारी २०२३ मिळते, म्हणजे २०२४ चे दोन दिवस २०२३ च्या एकाच दिवसाशी जोडले जातात.

टक्के कशाचे?

फरक मिळाला की तो टक्क्यांत मांडण्याचा मोह होतो. साठा वीस टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर गेला, तर वाढ किती? धरणाच्या क्षमतेच्या हिशेबाने दहा टक्के, आधीच्या साठ्याच्या हिशेबाने पन्नास टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. ते कशाचे टक्के हे न सांगणे मात्र खोटेपणाच्या जवळ जाते.

उजनी धरण या बाबतीत परीक्षाच घेते. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि उरलेला, म्हणजे निम्म्याहून अधिक, मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्या रेषेखाली जाते तेव्हा टक्केवारी उणे लिहिली जाते. आता उणे दहावरून अधिक पाचवर आलेल्या साठ्यात ‘किती टक्के वाढ’ झाली? नेहमीचे सूत्र वापरले, म्हणजे फरकाला आधीच्या आकड्याने भागले, तर उत्तर उणे दीडशे टक्के येते : पाणी वाढले आणि आकडा सांगतो घटले. शून्यावरून सुरुवात असेल तर भागाकारच होत नाही आणि काही डेटाबेस सगळी क्वेरी मध्येच थांबवतात. अशा ठिकाणी टक्केवारीचा नाद सोडून टीएमसीतला फरक द्यावा. खडकवासल्यात एक टीएमसी आले तर निम्मे धरण भरते आणि कोयनेत तेवढेच आले तर एक टक्काही भरत नाही, हे वाचकाला क्षमता शेजारी दिली की आपोआप कळते.

साठ्यातला फरक म्हणजे आलेले पाणीही नव्हे. आलेल्या पाण्यातून सोडलेले पाणी वजा जाऊन जे उरते, तो फरक. दरवाजे उघडून ११,५७४ क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, विसर्ग चोवीस तास चालू राहिला तर एक टीएमसी पाणी खाली जाते. तेव्हा भरलेल्या धरणासमोर क्वेरीने ‘फरक शून्य’ असे दाखवले, तरी नदीकाठच्या गावाने निश्चिंत होण्याचे कारण नाही.

‘फरक टेबलातच लिहून ठेवला तर?’

रोज वजाबाकी करण्यापेक्षा ‘दैनिक वाढ’ असा स्तंभच का ठेवू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्यात वेग आहे आणि लाखो ओळींच्या टेबलात त्याचा विचार करावाही लागतो. पण नोंदी नंतर दुरुस्त होतात. अकरा तारखेचा ४२.५ हा आकडा तपासणीत ४१.५ निघाला, तर केवळ अकराचा फरक बदलत नाही. त्याच्या पुढच्या नोंदीचाही बदलतो. एक जण मूळ आकडा सुधारतो, पुढची ओळ सुधारायची राहून जाते आणि टेबल स्वतःशीच विसंगत होते.

दुरुस्तीची दुसरी बाजू करोनाकाळात देशाने पाहिली. बिहारने जून २०२१ मध्ये आधी न मोजलेले ३,९५१ मृत्यू एकदम एकूण आकड्यात मिळवले आणि एकूण आकड्यांच्या वजाबाकीवर चालणाऱ्या आलेखांत देशाचा एका दिवसाचा आकडा सहा हजारांच्या वर गेला. ते मृत्यू त्या दिवशीचे नव्हते. नोंद त्या दिवशीची होती. घटनेची तारीख आणि नोंदीची तारीख असे दोन स्तंभ वेगळे ठेवलेले नसतील, तर कितीही चतुर क्वेरी लिहिली तरी हा भेद नंतर काढता येत नाही.

‘आता क्वेरी एआयच लिहून देतो ना?’

देतो, आणि चांगली देतो. पार्टिशन विसरण्यासारख्या चुका तो क्वचितच करतो. पण बारा जुलैची नोंद गहाळ आहे, धरणावर पुरात तासातासाला नोंदी होतात, वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवली आहे, या गोष्टी त्याला सांगितल्याशिवाय समजण्याचा मार्ग नाही. ‘रोजची वाढ काढून दे’ एवढ्याच वाक्यावर तो लॅग लावून मोकळा होईल आणि सुळका जसाच्या तसा राहील. त्याऐवजी प्रश्न मराठीतच, पण असा पूर्ण लिहावा : ‘प्रत्येक धरणासाठी स्वतंत्रपणे, भारतीय वेळेनुसार सकाळी आठची एकच नोंद घ्यावी, तिच्यातून त्याच धरणाची आधीची उपलब्ध सकाळी आठची नोंद वजा करावी, दोन्हींमधले दिवस शेजारी दाखवावेत, आधीची नोंद नसेल तर जागा रिकामी ठेवावी, आणि हे सर्व झाल्यावर त्यातला फक्त जुलै निवडावा.’